सव्विसावी पायरी

आप्पा एसटीत कधी बसत नसत. उभा जन्म कंडक्टरकीत गेलेला. समोर सीट रिकामी असली तरी दाराजवळच्या दांडीला धरून उभे. "बसलं की डोळा लागतो बाई, आन् आपलं गाव मागं पडतंय," म्हणायचे. मी लातूरच्या शाळेत शिकवते. नळदुर्गजवळच्या एका खेड्यात दिवाळीच्या सुट्टीत जुनी बारव उपसायला माणसं हवीत, असा निरोप फोनवर फिरत आला आणि मी गेले. निरोप धाडणारे म्हणजे एकटे आप्पाच निघाले.

बारव दगडी, पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरणारी आणि कचऱ्यानं काठोकाठ भरलेली. आम्ही आठ-दहा जण साखळी करून घमेली वर द्यायचो. मधोमध उभे राहून आप्पा ओरडायचे, "पुढं सरका, मागं जागा हाय." आम्ही हसायचो, ते हसत नसत. "सव्वीस पायऱ्या हायत. शेवटच्या पायरीवर माझी माय घागर टेकवायची. गावातल्या समद्या बायांच्या घागरींनी तिथं वाटीएवढा खळगा पडलाय. त्यात एकदा हात ठेवायचाय. दुसरं काय न्हाय."

दुपारनंतर हात चालेनासे झाले की ते आम्हाला फिरवून आणत. एकदा तेरला नेलं, एकदा धाराशिवच्या लेण्यांत आणि नळदुर्गच्या किल्ल्यात तर तीनदा. किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालात लोक फोटो काढत, आप्पा ओल्या भिंतीवर हात फिरवत राहत. "ह्यांनी पाणी कुठनं जाईल त्याचा इचार केला. आमी घाण कुठं टाकावी, एवढाच करतो," असं प्रत्येक वेळी म्हणत. तिसऱ्यांदा ऐकताना मला कंटाळा आला होता, हे आठवून आज लाज वाटते.

त्या सुट्टीत बावीस पायऱ्या मोकळ्या झाल्या. खाली ओला चिखल लागला. आप्पांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, "चार ऱ्हायल्या. पुढच्या दिवाळीला." गावानं नारळ फोडला. आप्पांच्या शेजारच्या काकूंनी पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहिलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या दिवाळीला गेले तर चौदाच पायऱ्या दिसत होत्या. या वेळी आत कचरा नव्हता, देव होते. गणपतीच्या मूर्ती, नवरात्रातले घट, फुटक्या काचांच्या तसबिरी, पिशव्यांसकट हार. काकू मायेनंच म्हणाल्या, "आता बारव पाक झाली नव्हं, आप्पा? आदी घाण होती तवा कोण देव सोडंल तिथं? आता समदं गाव हितंच सोडतंय."

घमेली आणलेली होती, पण देवाला हात लावायला कुणी उतरेना. शेवटी आप्पा स्वतः उतरले. सोंड तुटलेला एक गणपती त्यांनी उचलला, कपाळाला लावला आणि होता तिथं परत ठेवला. "सोडलेला देव माघारी कसा काढायचा, बाई? मलाबी न्हाय जमायचं." त्या दिवशी आम्ही किल्ल्यातही गेलो नाही. स्टँडवर मला पोचवायला आले आणि बाकावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळ्यात आप्पा गेले. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. नदीकडे निघायचं तर त्यांचा मुलगा रडत म्हणाला, "आप्पांचा जीव त्या बारवंत हुता. तिथंच सोडू." गावानं माना डोलावल्या. नको म्हणणारं एकच माणूस तिथं होतं, ते म्हणजे मी. पण बाप गेलेल्या पोराला नको कसं म्हणायचं, ते मला सुचलं नाही.

राख पडली, मग हार पडले, मग ज्या पिशवीतून हार आणले होते ती पिशवी. काकूंनी माझ्या ओंजळीत फुलं दिली. मीही ती आत टाकली आणि निघताना सवयीनं पायऱ्या मोजल्या. नऊ होत्या.