नवं घ्यावं की जुनंच वाढवावं

"कोण खेळणार, अन् कुणासंगं?"

गेमसाठी कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते हा प्रश्न आधी विचारायचे. बजेट किती, गेम कुठला, हे सगळं मागाहून. विचारताना चष्मा कपाळावर ढकलायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तिथंच ठेवायचे.

नांदेडला बसस्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. जिना इतका अरुंद, की कॅबिनेट घेऊन चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर एकाला मागं फिरावं लागे. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, मीही. तुमच्याही गावात असेल असा एखादा. विकायला बसलेला, पण गिऱ्हाइकाला सुखानं विकत घेऊ न देणारा.

मी मुदखेडला शाळेत शिकवते. यजमान गेल्यापासून नांदेडच्या घरात एकटीच असते. मुलगी लातूरला नोकरीला. जाताना तिनं तिचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवला आणि मला ट्रकचा एक गेम शिकवला. तिकडे तिनं स्वतःसाठी कुणाचा तरी वापरलेला घेतला. रविवारी दुपारी ती लातूरहून, मी नांदेडहून, दोघींचे दोन ट्रक एकाच रस्त्यावर. कानाला हेडफोन. बर्फातून माल न्यायचा आणि बोलत राहायचं. फोनवर "जेवलीस का", "जेवले" याच्या पुढं आमची गाडी जात नाही. ट्रक चालवताना मात्र ती ऑफिसातलं सगळं सांगते. कधी रडतेसुद्धा.

मग त्या गेममध्ये काहीतरी नवीन भर पडली, आणि माझं मशीन दहा मिनिटांत तापून बंद पडायला लागलं. दोन रविवार असेच फुकट गेले. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "जाऊ दे गं आई, राहू दे आता." ते दोन तास गेले, तर माझ्या आठवड्यात राहिलं काय?

पंचेचाळीस हजार बाजूला काढले आणि भाऊंचा जिना चढले. चष्मा कपाळावर गेला, प्रश्न आला. आता पन्नाशीच्या बाईनं मी ट्रक चालवते म्हणून सांगायचं? मी ठोकून दिलं, "मुलीसाठी पाहिजे. नवीनच बनवून द्या. ते रंगीत लाइट लागतात ना, तसलं."

भाऊंनी समोरच्या मशीनवर कसलासा गाडीचा गेम लावला. "एक फोन करून येतो बाई. तेवढं जरा धरा, गाडी आपटू देऊ नका."

मी धरली. फोनबिन काही नव्हता, दारातच उभे राहून बघत होते. पाच मिनिटांनी आत आले. "लेकीचं नाव कामून सांगायल्या बाई? हात तर तुमचा बसलेला हाय."

मी अशी लाजले म्हणून सांगू! माझ्या वर्गातली पोरं बघायला असती तर वर्षभर हसली असती.

"आधी जुनं आणा," भाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. पंख्याच्या पात्यांवर लाल थर बसला होता. त्याचं असं, की दर दसऱ्याला मी मशीनची पूजा करायची. हळदकुंकू वाहायचं ते नेमकं पुढच्या जाळीवर, आणि पंखा ते आत ओढून घ्यायचा.

"बाई, अक्षता बी हायत आत. लग्न लावलं का काय याचं?"

"मग पूजा करूच नये का?" मी चिडून म्हटलं.

"करा की. पण वरून करा, टपावर. नाकात कुंकू घातल्यावर कोण जगंल? लई मशीनं यानंच मरायलीत, अन् लोक नवीन घ्यायलेत."

तासभर ब्रशनं एकेक दाणा काढला. लावून बघितलं तर गेम अर्धा तास चालला, बंद पडला नाही. पण मी नव्याचा हट्ट सोडेना. म्हटलं, "भाऊ, पैसे माझे आहेत. तुम्हाला विकायचंय का नाही ते सांगा."

"घाई कशाला? मशीन कुठं पळून जायलंय? लेकीचा नंबर द्या."

नंबर घेऊन जिन्यात गेले. दहा मिनिटं तिच्याशी बोलत होते. परत आले ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं आता चालतंय बाई. अडकायलंय ते लेकीचं. तिच्या मशीनमधी गेमचं कार्डच न्हाई. गेममधी ते नवीन आल्यापासून तिच्याकडं धड दिसतच न्हाई काही. तुम्ही खर्चात पडाल म्हणून गप बसली ती."

मला रडू आलं आणि रागही आला. कार्टीनं आईला सांगायला नको?

"आता तुमचं मशीन आभाळाला नेऊन काय करायचं?" भाऊ म्हणाले. "तुम्ही जाल पुढं, अन् लेक राहील रस्त्यात."

शेवटी माझ्या जुन्यात फक्त रॅम वाढवली. बाकी कार्ड आणि नवा पॉवर सप्लाय घेतला तो तिच्यासाठी. तरी बरेच पैसे उरले. "ते बँकेत ठेवा," म्हणाले, आणि रंगीत लाइट काही लावू दिले नाहीत. त्यांची बहीण शिरूर अनंतपाळला असते, तिच्याकडे जायचंच आहे म्हणून कार्ड टॉवेलात गुंडाळून रविवारी भाऊ स्वतःच लातूरला निघाले.

आता ते दुकान नाही. गेल्या वर्षी भाऊ हदगावकडं गावी शेतीवर गेले. फोन लावला तर कधी लागतो, कधी नाही. दुकानाच्या जागी शिकवणीचे वर्ग आहेत. एकदा काही काम नसताना मी तो जिना चढून गेले आणि तशीच उतरून आले. मला त्यांची आठवण येते. यात लपवायचं काय?

आणि आठवतो तो लातूरचाच रविवार. दुपारी मी इकडे घरी ट्रक काढून बसले होते. होतंय की नाही, या काळजीनं जेवण गेलं नव्हतं. हेडफोनमध्ये खरखर झाली आणि लेकीच्याऐवजी पुरुषाचा आवाज आला.

"बाई, ऐकू यायलंय का?"

"भाऊ? तुम्ही चालवताय?"

"तपासायलोय. व्हा पुढं, मी आलोच मागून."

या माणसानं आयुष्यभर लोकांना खेळायची मशीनं बांधून दिली, पण दुकानात दोन मिनिटं लावून बघायचे आणि बंद करायचे. कुणाबरोबर खेळायला असे कधी बसले नव्हते. पहिल्याच वळणावर ट्रक सरळ बर्फाच्या खड्ड्यात गेला. "आयला!" म्हणून ते इतक्या जोरात हसले, की मी हेडफोन कानापासून लांब धरला. वर काढला, पुन्हा खड्ड्यात. पुन्हा तेच हसणं.

मागून माझ्या लेकीचा आवाज आला, हसून हसून बसलेला. "काका, चालतंय की सगळं! उठा ना आता, माझा नंबर आहे."

"थांब माय, एवढा माल पोचवू दे."

मी माझा ट्रक कडेला उभा केला, आणि मागून येणाऱ्या भाऊंची वाट बघत थांबले.