बावीस खाडे

आखाजी, मे १९८४. आकडा बावीस. हजर माणसं चार — माझे वडील, ज्यांना सारं गाव आबा म्हणायचं, आमचे सालदार सुपडूभाऊ, त्यांची बायको लीलाबाई, आणि मी. तो आकडा खोटा होता. चौघांपैकी हे एकट्या मला ठाऊक होतं, कारण तो मीच तयार केला होता.

हे मी कुठे बोललेलो नाही. आबा गेले, त्यांना सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. फक्त दोन माणसांना सांगितलं, आणि तेवढ्यालाही मला बारा वर्षं लागली. आता तुम्हाला सांगतो. नीट जमेल की नाही — हिशेब मांडायची सवय आहे, मन मांडायची नाही.

आमचं गाव नरडाण्याजवळ. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला — अक्षय्य तृतीयेला — सुरू होतं आणि आखाजीला संपतं. धान्य किती, रोख किती, कपडे किती, सगळं त्या दिवशी ओट्यावर बसून ठरतं. वर्षभरात सालदार जितके दिवस कामावर आला नाही तितके त्याचे खाडे. आखाजी झाली तरी खाडे असतील तेवढे दिवस त्यानं आधी भरून द्यायचे, मगच तो मोकळा. पाच-सात खाडे असले तर कुणी फारसं बोलत नाही. पण महिनाभराचे असले तर? महिनाभरात बाकीच्या गावातले सालदार ठरून गेलेले असतात, पाऊस तोंडावर येतो आणि माणूस पुन्हा त्याच ओट्यावर येऊन बसतो.

खाडे मी मांडायचो. मी बी.कॉम. झालो होतो, घरी बसून होतो, वय एकोणतीस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुपडूभाऊ आले नाहीत त्या तारखेवर तांबड्या पेन्सिलीची फुली. मला सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलं पाहिजे — गावात माझ्या मोजण्याला मान होता. दोन भावांत बांधावरून वाजलं तरी साखळी धरायला मला बोलावत. मी मोजलं की कुणी पुन्हा मोजत नसे.

तेव्हा मी त्यांना नुसतं सुपडू म्हणायचो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस.

त्या वर्षी खाडे झाले होते नऊ.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. सुपडूभाऊंनी आबांना सांगितलं की यंदा साल धरणार नाही. त्यांच्या चुलतभावानं धुळ्याच्या एका गिरणीत जागा बोलून ठेवली होती, पण आठ-दहा दिवसच ती रिकामी राहणार होती. नऊ खाडे भरून दिले की ते वेळेत पोचत होते. आणि मला जळगावहून नोकरीचा कागद आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं.

आबांनी दोन्ही ऐकलं. लिंबाच्या बागेत दुसऱ्या वर्षाची तीनशे रोपं होती, मे महिना, विहिरीला पाणी हाताएवढं. आबा मला एवढंच म्हणाले, की सुपडू गेला तर बाग तू पाहायची, नोकरीचं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी कोणती नोकरी माझी वाट पाहत बसणार होती? आणि आबांना नाही म्हणायची माझी छाती होती का? नव्हती. एकोणतीस वर्षांत मी त्यांना एकदाही नाही म्हणालो नव्हतो. भीती म्हणा, सवय म्हणा. मला त्या घरातून सुटायचं होतं, आणि दार एकच होतं — त्या दारात दुसरा माणूस उभा होता.

आबांनी मला खाडे वाढवायला सांगितलं नाही. हे लिहून ठेवतो. कुणीही सांगितलं नाही.

दुपारी घरात कुणी नव्हतं. बायका कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, खिडकीतून ऐकू येत होतं. मी त्र्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी, दोन्ही वर्षांची कॅलेंडरं उतरवली आणि फुल्या टाकल्या. तारखा निवडून. आठवडे बाजाराचे दिवस, पाऊस लागून राहिलेले दिवस, कुणाला नेमकं आठवणार नाही असे. एका महिन्यात जास्तीत जास्त तीन. पेन्सिल जुन्या फुल्यांइतकीच बोथट केली. इतकं नीट काम मी नोकरीतही क्वचित केलं असेल. बावीस फुल्या. एकूण एकतीस.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी आकडा वाचला — एकतीस.

बोलल्या लीलाबाई. त्या पायरीखाली उभ्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि ओट्यावर चिंचोके ठेवले. नवरा कामावर गेला नाही की त्या दिवशी त्या एक चिंचोका गाडग्यात टाकत. नऊ चिंचोके होते.

“नऊ शेतस, आबा. नऊच.”

आबा हसले. “मना पोऱ्या बी.कॉम. शे. तुना चिंचोका बी.कॉम. शेतस का?”

ओट्यावर हसू उमटलं. आबांचं, आणि — हो, माझंही. लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडर त्यांच्यासमोर धरलं, बोट ठेवून एकेक फुली दाखवली. वाचता न येणाऱ्या बाईला मी कागद दाखवत होतो. सुपडूभाऊ बायकोला म्हणाले, “लिखेल शे ना? मंग बस कर.” लीलाबाईंनी चिंचोके पुन्हा पदरात बांधले.

मी जूनमध्ये जळगावला आलो, मेहरूणमध्ये खोली घेतली, नोकरीला लागलो. गिरणीतली जागा गेली. सुपडूभाऊंनी एकतीस दिवस भरून दिले आणि पुन्हा आमच्याकडेच साल धरलं.

आता पुढचं सांगताना माझा हात भरभर चालतो, कारण पुढचं त्यांचं आहे.

त्या वर्षी सुपडूभाऊंनी एकही खाडा केला नाही. शून्य. मेहुणीच्या लग्नाला बायकोला एकटीला पाठवलं. ताप आला तेव्हा घोंगडी पांघरून विहिरीवर येऊन बसले, मोटार चालू केली, म्हणाले, आलोय, मांडून घ्या. पोळ्याची सुटी आबांनी दिली तरी बैल धुऊन दिवसभर गोठ्यातच थांबले. मोजायला काही उरूच द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सुटीला गावी गेलो की मी ते कॅलेंडर पाहायचो. बारा कोरी पानं. आखाजी १९८५ला आबांनी विचारलं, किती? सुपडूभाऊंनी टोपी सारखी केली आणि ओट्यावरून उठले. कुणाला काही वाचावं लागलं नाही. सायंकाळच्या गाडीनं दोघं धुळ्याला गेली.

ज्या माणसाला मी फुल्यांनी बांधलं, तो एकही फुली पडू न देता निघून गेला. मी ते ऐकलं तेव्हा मला आनंद झाला का? झाला. पण तो मला परवडणारा आनंद होता. माझी नोकरी पक्की झाली होती.

मग अकरा वर्षं काहीच नाही. आबा एक्क्याण्णव साली गेले. बाग विकली. कार्यालयात माझी बेरीज कधी चुकली नाही. एखाद्याचा खोटा प्रवासभत्ता मी पकडायचो तेव्हा सगळे म्हणायचे, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मी मान हलवायचो. सांगा, याला काय म्हणायचं? दाराला कडी नाही, पहारा नाही, कुणी विचारणारं नाही — आणि तरी मी बारा वर्षं त्या ओट्यावरून उठलो नव्हतो.

१९९६च्या नोव्हेंबरात कामानिमित्त धुळ्याला गेलो. बाजारात एक ट्रक रिकामा होत होता आणि त्याच्याशेजारी सुपडूभाऊ उभे. हमालांचे मुकादम झाले होते. त्यांनीच मला ओळखलं. माझी पिशवी हातातून घेतली आणि घरी चला म्हणाले. धुळ्याच्या कडेला त्यांनी लहानसा प्लॉट घेतला होता. पाया भरून झाला होता, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. आठवडाभर हमाली, रविवारी घर, असं दोघांचं चाललं होतं. मी गेलो तो रविवारच होता; सकाळच्या त्या एका ट्रकापुरते ते बाजारात आले होते.

चहा हातात होता तेवढ्यात टेम्पोवाला विटा उतरवून गेला. पाचशे आहेत, मोजून घ्या, असं म्हणून निघालासुद्धा. लीलाबाई ढिगाकडे वळल्या. सुपडूभाऊ हसून मला म्हणाले, “हिले मोजाले लावू नका, भाऊ. एकतीसना नऊ करी टाकस.”

त्यांना ती थट्टा वाटत होती. जुनी, वापरून गुळगुळीत झालेली. पण लीलाबाई जागच्या जागी थांबल्या आणि मागे फिरून चुलीशी जाऊन बसल्या. बोलता बोलता कळलं की त्या आखाजीपासून त्यांनी मोजणं सोडलं होतं. किराणा नवरा आणायचा. त्या भाजी विकायला बसत, तर सुटे पैसे शेजारची बाई मोजून देई. आपल्याला मोजता येत नाही हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. माझ्यासमोर, माझ्या फुल्यांवरून.

मला आजवर वाटत होतं, मी एका माणसाचं एक वर्ष अडवलं. बाईचा हिशेब मी कधी धरलाच नव्हता.

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. थेट सांगितलं — नऊच होते, बावीस मी टाकले, मला जळगावला जायचं होतं म्हणून. आबांनी सांगितलं नव्हतं. वाक्यं तुटत होती, पण आकडे मी बरोबर सांगितले.

सुपडूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मारलं असतं तर मी हात वर केला नसता. मग त्यांनी तोंड बायकोकडे वळवलं. “बारा वर्स मी तुले…” एवढंच म्हणाले.

लीलाबाईंनी एकच विचारलं. “म्हंजे नऊच व्हतात?”

मी म्हणालो, नऊच.

त्या उठल्या. पदर खोचला. विटांच्या ढिगाशी गेल्या आणि मोजायला लागल्या. घाई नाही. एकेक थर, ओठ हलवत, हातानं विटेला स्पर्श करत. चहावर साय धरली. मोजून झालं तसं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग रस्त्यापर्यंत चालत गेल्या. टेम्पोवाला पुढच्या प्लॉटवर दुसरा माल उतरवत होता. त्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला.

“पाचशे नहीत रे भाऊ. चारशे अठ्ठ्याऐंशी शेतस. बारा टाक.”

तो हसला, हुज्जत घालायला लागला. त्या म्हणाल्या, “चाल, तू मोज. मी उभी शे.” तो आला, मोजल्या, आणि बारा विटा मुकाट्यानं उतरवून गेला. सुपडूभाऊ खदाखदा हसले — मी त्यांना आमच्या गावात इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. लीलाबाई हसल्या नाहीत. पण त्या विटांवर बसल्या होत्या आणि त्यांची मान ताठ होती.

मी पाकिटाला हात घातला. आकडा मी वाटेतच काढला होता, तेव्हाची रोजंदारी, त्यावर व्याज. लीलाबाईंनी मला पाकीट उघडू दिलं नाही.

“तुम्हना पैसा नको, भाऊ. दिन द्या.”

बावीस दिवस. बावीस रविवार.

पुढच्या रविवारपासून मी पहाटेच्या पहिल्या एसटीनं धुळ्याला जाऊ लागलो. घमेली उचलली, रेती चाळली, माल कालवला, भिंतींना पाणी मारलं. पहिल्या दिवशी तळहात फुटले. गवंडी मला सायब म्हणून हाक मारायचा आणि सगळ्यांत जड घमेलं माझ्या डोक्यावर द्यायचा. बायकोला सांगितलं, धुळ्याला काम आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिनं माझे हात पाहिले होते. हे ती आता वाचेल.

माफीबद्दल तिथं कुणी बोललं नाही. मीही विषय काढला नाही. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा, तो मी त्यांच्या ओळीत बसून खाल्ला.

उन्हाळा लागता लागता पत्रे चढले. बाविसाव्या रविवारी संध्याकाळी मी हातपाय धुतले आणि लीलाबाईंना म्हणालो, आज झाले बावीस.

“एकवीस,” त्या म्हणाल्या. “दोन दिन तुम्ही अर्धा उनात.”

दोन दिवस मी अर्धवेळच आलो होतो? मी मनात रविवार उलगडले. खरंच — पारोळ्याजवळ एसटी बंद पडली होती, तेव्हा मी दुपारी पोचलो होतो. आणि संक्रांतीच्या सुमाराचा एक रविवार, पाहुणे होते म्हणून उशिरा निघालो होतो. दोन्ही दिवस मी पुरते धरले होते. चूक माझी होती. माझ्या आयुष्यात माझी बेरीज कुणी पहिल्यांदा दुरुस्त केली, आणि ती लीलाबाईंनी, तोंडी, हातातली विळी खाली न ठेवता.

सुपडूभाऊ म्हणाले, जाऊ दे ना, अर्ध्याचं काय घेऊन बसलीस. त्या म्हणाल्या, मोजेल शे.

मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून सूर्य उगवायला पोचलो आणि मावळेपर्यंत थांबलो. ओट्याला गिलावा त्या दिवशी झाला.

फेऱ्या तेवीस. दिवस बावीस, पुरते. दिले लीलाबाईंना, धुळ्यात, त्यांच्या स्वतःच्या घरी. त्यांनी मोजून घेतले.