तारेच्या आतलं शेत

मी वहिनीच्या शेतावर जळायचे, हे आधी लिहून टाकते. ती माझ्या चुलतभावाची बायको, सातवीपर्यंत शिकलेली. मी मात्र बाबांनी शेतकरी सभांमधून आणलेली शेतीची पत्रकं वाचत मोठी झाले. माझी स्वतःची पत्रकं मी वडखळच्या नाक्यावर उभी राहून वाटली आहेत. तरी वाल तिचाच भारी.

आमची शेतं लागूनच आहेत. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर दोघी वाल पेरतो. मिश्र पिकांचं पत्रक मीच लिहिलं होतं, म्हणून वालासोबत मूग, हरभरा, मोहरी असं सगळं मीही पेरलं. पण वाल काढले की उन्हाळाभर गावाची गुरं शेतात मोकळी सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत मला निव्वळ आळस वाटायची. त्या रीतीविरुद्ध दुसरं पत्रक काढलं आणि स्वतःच्या शेताला काटेरी तार ओढली.

तिसऱ्या वर्षी माझा वाल पिवळा पडला. कुदळ मारली की माती खापरीसारखी फुटायची. पलीकडे तिची माती चाळून ठेवल्यासारखी, मूठभर उचलली तरी गांडूळ निघायचं. बाबा रोज माझ्या शेतातून चालत जाऊन तिच्या बांधावर बसायचे. तिथूनच त्यांनी एक दिवस सांगितलं, येत्या पावसाळ्यापासून आपलं शेत वहिनीला अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यायचं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. मी एक वर्ष मागून घेतलं.

मग गेले तिच्याकडे. ती गोठ्यात शेण काढत होती. मातीत काय घालतेस, मी तपासनिसासारखं विचारलं.

"मी काय घालणार गो? मी शेंगा खाते, गुरं पाला खातात, जमीन शेण खाते. तू गुरांनाच बाहेर ठेवलंस, वन्स. आता शेण काय पत्रक वाचून येणार हाय?"

दुसऱ्या दिवशी मी तार सोडवली. हात ओरबाडले. गुरं आली, माझ्या शेतातून न थांबता सरळ तिच्या शेतात गेली. तिच्या बांधावर गवत होतं, तुरीचा पाला होता. माझे बांध मी खुरपून लख्ख ठेवले होते. म्हशीसुद्धा तिच्याच बाजूच्या, असं वाटून डोळे भरले.

तिच्या खळ्यावर वालाच्या सुक्या वेलांचा ढीग पडला होता. तो मागायला मला दोन दिवस लागले.

"ने. पण पसरून टाक, ढीग नको. ढिगावर शिंगं मारतात एकमेकांना."

भारा डोक्यावरून आणून पसरला. दुपार कलताना तिच्या दोन म्हशी माझ्या शेतात खाऊन तिथेच बसल्या. बाबा बघत होते, तिच्याच बांधावरून. मी त्यांच्याकडे न बघता दुसरा भारा आणायला गेले.