कडक शेव

गेल्या रविवारी अनंताबरोबर भोईवाड्यातल्या आमच्या शाळेजवळच्या हॉटेलात गेलो. मिसळीचा वास आला आणि मी थेट आठवीत जाऊन पोचलो.

त्या वर्षी मला कावीळ झाली होती. तीन आठवड्यांनी शाळेत जाऊ लागलो, पण तेल-तिखट आणखी वीस दिवस बंद होतं. शाळा सुटल्यावर याच हॉटेलात अनंताची प्लेट बघून मला रडू आलं. तो म्हणाला, "दिन्या, डोळे मीट. मी सांगतो तसं खा." आणि खाता खाता सांगत राहिला, "पहिला घास. शेव अजून कडक आहे. आता रस्सा बघ, कानापर्यंत गेला. पाव बुडव रे, नुसता काय बसलास?" मिटल्या डोळ्यांनी मी मनातल्या मनात अख्खी प्लेट संपवली. तेव्हा मला ती त्याची मस्करी वाटली होती.

घशावरच्या उपचारांत अनंताची चव गेली आहे. तीन महिने झाले, त्याला सगळं ओल्या कागदासारखं लागतं. मिसळ आल्यावर त्याने प्लेट माझ्याकडे सरकवली आणि डोळे मिटले.

"आता तू सांग."

मी घास घेतला. "तिखट आहे."

"एवढंच? आयुष्यभर हिशेबाच्या वहीत आकडेच लिहिलेस, दिन्या."

मी आणखी दोन घास घेतले. तो डोळे मिटून थांबला होता.

"शेव तरी कडक आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणालो.

ती केव्हाच भिजली होती.