रिसालदारांचं म्यान

उज्जैनच्या दिघ्यांकडे खंडेनवमीला पाटावर तलवार नसते की भाला नसतो. असतं एक रिव्हॉल्वरचं चामडी पाकीट. घरात त्याला म्यान म्हणतात. रिव्हॉल्वर कुणी कधी पाहिलं नाही. पणजोबा नारायणराव संस्थानच्या फौजेत रिसालदार होते, त्यांच्या कमरेचं हे, एवढं सांगितलं की पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पूजा भय्यासाहेबांची. ते प्रतिभाताईंचे वडील, आता ब्याण्णव वर्षांचे. आधी तेलाचं बोट फिरवायचं, मग झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर कुंकवाचा जाड टिळा. दरवर्षी तिथेच. आणि पुसायचं नाही! साठ वर्षांत तिथे कुंकवाची खपली धरली होती.

या म्यानानंच प्रतिभाताईंचा संसार खाल्ला, दुसरं काय म्हणायचं? बत्तीस वर्षांपूर्वी फ्रीगंजच्या बँकेतला शैलेंद्र त्यांना मागणी घालायला आला होता. मुलगा सोन्यासारखा. पण त्याच्या वडिलांनी कुठल्याशा प्रकरणात दोन वर्षं जेल भोगली होती. भय्यासाहेबांनी पाटावरच्या म्यानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ज्या घरात हे पुजलं जातं, त्या घरची मुलगी कैद्याच्या उंबऱ्यात जाणार नाही." झालं. शैलेंद्र देवासला गेला, तिथेच त्यानं लग्न केलं. गेल्या वर्षी वारला, ते ताईंना पेपरात वाचून कळलं. त्या दिवशीही त्यांनी शाळेत शिकवून आल्यासारखा पदर खोचला आणि वडिलांची पेज चढवली.

यंदा मराठी समाजानं दसऱ्याला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. प्रत्येक वस्तूपाशी एक कार्ड ठेवायचं: वस्तू कुठली, कुणाची. ताईंचं अक्षर मोत्यासारखं, पण लिहिणार काय? भय्यासाहेब म्हणाले, "रिसालदार लिही, बस्स. आणि घराबाहेर नेऊ नकोस." पण म्यानाचे टाके उसवले होते, आणि ताईही आता साठीच्या झाल्या होत्या, कुठवर ऐकायचं? भय्यासाहेबांचा डोळा लागल्यावर म्यान पिशवीत घालून त्यांनी गावातलंच देवास गेट गाठलं. तिथे विष्णू वरातीच्या घोड्यांचं खोगीर-लगाम शिवतो. त्याच्या तीन पिढ्या याच कामात गेल्या.

विष्णूनं आधी दोन बोटं आत घातली. "दीदी, इसमें तो बंदूक कभी रही ही नहीं." शस्त्र असतं तर आतलं चामडं घासून काळं पडलं असतं, हे तर कोरं. मग त्यानं मागची बाजू उलटी करून दाखवली. पट्टा ओवायची चीर अर्धीच कापलेली, म्हणजे कमरेला बांधायची सोयच नव्हती. टाकेही वाकडे.

"बनाते-बनाते छोड़ दिया किसी ने," असं म्हणत त्यानं ओल्या फडक्यानं कुंकवाची खपली भिजवली. "अहो, ते नको!" ताईंच्या तोंडून निघून गेलं, तोवर खपली सुटली होती. खाली ठसा होता: जेल कारखाना, कैदी ४१.

विष्णूचे आजोबा अशाच एका जेलमध्ये कैद्यांना चामड्याचं काम शिकवत. माल बिघडला तर कुणाच्या हातून, ते कळावं म्हणून प्रत्येक नगावर कैद्याचा नंबर मारत. "बिगड़ा हुआ माल कभी-कभी छूटते वक्त उसी को दे देते थे," तो हळूच म्हणाला. त्यानं टाके घालून दिले. ताईंनी म्यान पिशवीत घातलं आणि घरची वाट धरली.

भय्यासाहेब जागे होते. ताईंनी म्यान त्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्याचं बोट नेमकं त्या कोपऱ्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"पुसलंस होय?"

"कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"वडिलांनी जाताना सांगितलं. भांडणात आजोबांच्या हातून माणूस मेला होता. सात वर्षं होते आत. मला कळलं तेव्हा तू पाळण्यात होतीस."

पाळण्यात! म्हणजे शैलेंद्र दारात उभा होता, तेव्हा या माणसाला सगळं ठाऊक होतं. ताईंना ओरडावंसं वाटलं. पण समोर हाडांचा सापळा होता, आणि तो कुंकवाचा करंडा चाचपत होता.

ताईंनी करंडा उचलून वरच्या फळीवर ठेवला. टेबलाशी बसून कार्ड लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "जेलच्या कारखान्यात कैदी नंबर एक्केचाळीस, नारायण दिघे, यांनी शिवलेलं. पणती प्रतिभा हिच्याकडून."

भय्यासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "नावापुढे राव तेवढं लाव ग. सजा भोगून आले होते ते."

"लावते," ताई म्हणाल्या. त्यांनी 'राव' लिहिलं, पेनाला टोपण लावलं. "भोगून तर शैलेंद्रचे वडीलही आले होते, भय्यासाहेब."