ताम्हनाखालची चिठ्ठी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. हे मनात ठेवून देवापुढे बसवत नाही, म्हणून लिहिते.

रांजणगावात कंपन्या आल्या तेव्हा आम्ही भाड्याने द्यायला पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. एकीत बिहारची सुनीता राहायची. नवरा कंपनीत, तो सदा शिफ्टला. त्यांचा सहा वर्षांचा पिंटू बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता. दिवसभर डब्यांची झाकणं फिरवायचा आणि कंपनीचा भोंगा वाजला की कान दाबून किंचाळायचा. भाडेकरू कुरकुरू लागले. मीच सुनीताला म्हटलं, "बाहेरची बाधा हाय पोरी. दौंडकडं आमचा भगत हाय, चल." पाचशे रुपये लागले. तिने पैंजण मोडले. भगताने पोराला मिरच्यांची धुरी दिली. त्याला धरून मीच बसले होते. ते रडणं अजून कानात आहे.

परतताना दौंडच्या स्टँडवर सुनीता पाणी आणायला गेली. शेजारच्या अनोळखी बाईने पिंटूकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "मावशी, ह्याला बाधा न्हाई. माझ्या बहिणीचा असाच हाय. ऑटिझम म्हणत्यात. भिववू नका, शिकवलं की शिकतंय." तिने पुण्याच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला आणि एसटी लागली तशी निघून गेली.

ती चिठ्ठी मी सुनीताला दिली नाही. दिली असती तर चूक माझी ठरली असती. देव्हाऱ्यात ताम्हनाखाली सारली आणि देवाला म्हटलं, आता तूच बघ. आठ महिने त्या चिठ्ठीवर ताम्हन ठेवूनच पूजा केली.

धुरीपासून पिंटू माझ्या उंबऱ्याशी फिरकत नव्हता. एका संकष्टीला सकाळी मी पूजेला बसले, तर तो आपण होऊन आत आला. माझ्याकडे न बघता ताम्हन उचललं आणि फरशीवर गरगर फिरवू लागला. चिठ्ठी उघडी पडली. त्याला शोधत आलेली सुनीता दारात उभी होती.

"क्या है, मौसी?"

मी वाचून दाखवली, सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आठ महीना, मौसी."

कुणी योगायोग म्हणेल. मला एवढं कळलं की मी देवावर टाकलं म्हणत होते ते टाकणं नव्हतं, लपवणं होतं. तरी त्याने दार उघडलं, तेही त्याच पोराच्या हातून.

पुढे दर पंधरा दिवसांनी पुण्याला मी सोबत गेले. तिथे जे शिकवायचे ते मी भाडेकरूंना समजावलं. भोंग्याच्या वेळी पिंटू माझ्या आतल्या खोलीत गोधडीत बसू लागला. आता बोट दाखवून पाणी मागतो.

पैंजणाचे पाचशे मी दुधाच्या पैशातून महिन्याला पन्नास असे देत होते. "रहने दो" म्हणायची, मी ठेवून यायचे. काल शेवटची नोट दिली. "हो गया पूरा," ती म्हणाली. आठ महिन्यांचं ती बोलली नाही. मीही नाही.