लाल मिलो आणि मलावीची आगगाडी

आष्टीच्या एसटी स्टँडवरून मी अमेरिकेला निघाले तेव्हा मे महिना होता, साल त्र्याऐंशी, आणि माझ्या अंगात लोकरीचा कोट होता. बॅगेत मावत नाही म्हणून घातलाय, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे गावाने बघावा म्हणून घातला होता. घामाने कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, आणि बाईसाहेबांचा तोरा काय! आईने हातावर दही ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "तिथं कुणापुढं हात पसरू नगंस, मंगल." एसटी हलली. मी खिडकीतून हात हलवला तो आईकडे बघून नव्हे, कोटाकडे बघणाऱ्या पोरींकडे बघून.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला तो कोट आठवत असेल. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमचाही एखादा कोट असेलच.

मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटीत आमचे हे शेतीचं अर्थशास्त्र शिकत होते. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये ग्रेस राहायची, आफ्रिकेतल्या मलावीची. तिचा नवराही त्याच डिपार्टमेंटला. सकाळी मी टायपिंगच्या क्लासला जायचे तेव्हा तिथेच जन्मलेली माझी तान्ही शिल्पा ग्रेसकडे. दुपारी ती लायब्ररीत कामाला गेली की तिचा मुलगा माझ्याकडे. ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची आणि बरोबर शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. पहिल्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं आणि घरी येऊन यांना म्हणाले, "काय बाई खातात ही माणसं!"

तिच्या बोलण्यात तिचा देश सारखा यायचा. शेंगदाणा तिकडे बायकांचं पीक. पण परदेशातून पैसा आणणार तंबाखू, चहा आणि साखर. आणि देशाला समुद्र नाही. बंदराला जाणारी रेल्वे शेजारच्या देशातल्या युद्धाने बंद पडलेली, त्यामुळे ट्रक कुठल्या कुठे वळसा घालून भलत्याच बंदराला जायचे. "पीक चांगलं आलं की आम्हाला घाम फुटतो," ग्रेस म्हणायची, "जितकं पीक जास्त, तितकं डिझेल जास्त." मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, बिचारी.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात टीव्हीवर रोज इथिओपियातला दुष्काळ दिसायचा. एका शनिवारी मी क्लासहून नुकतीच आले आणि बेल वाजली. दारात चर्चच्या दोन बायका, हातात खोका. खोक्यात जुने स्वेटर आणि सूपचे डबे. "धिस इज फॉर यू, हनी." मला आईचे शब्द आठवले आणि डोकंच फिरलं. मी मान ताठ करून म्हणाले, "आम्ही इंडियाचे. आमचा गहू आम्हीच पिकवतो. तुम्हाला आफ्रिका पाहिजे ना? नेक्स्ट डोअर!" वर बोटही दाखवलं. बोटाच्या समोर, उघड्या दारात, ग्रेस उभी होती. कडेवर माझीच शिल्पा.

ग्रेस त्या बायकांना शांतपणे म्हणाली, "थँक यू. आमचा मका जास्त झाला तो आम्ही शेजाऱ्यांना विकला. कमी आहे ती रेल्वे. खोक्यात असली तर ठेवून जा." बायका ओशाळून गेल्या. तिने शिल्पाला माझ्या हातात दिलं आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

क्लास बुडाला. शिल्पा सकाळ झाली की मधल्या भिंतीवर थापा मारायची. आणि मला माझं बोट दिसत राहायचं. कारण तो खोका मला नवा नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं रेशनच्या रांगेत उभी राहायचो, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोसाठी, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीसाठी. जनावरं खातात ते, असं लोक म्हणायचे. त्याची भाकरी थापता यायची नाही, तव्यावरच तुकडे व्हायचे. तेच तुकडे खाऊन वाढलेली मी, त्याच अमेरिकेत येऊन म्हणत होते, नेक्स्ट डोअर!

शेवटी मी ग्रेसचं दार वाजवलं आणि हे सगळं सांगितलं. ती भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, "मला कशाला सांगतेस? बोट तू त्यांच्यासमोर दाखवलंस. रविवारी त्यांच्याच चर्चमध्ये मला देशाविषयी बोलायला बोलावलंय. तू ये, आणि हे तिथं सांग."

"सांगते," मी म्हणाले. "प्रॉमिस."

ग्रेस छान बोलली. तंबाखू, चहा, रेल्वे, सगळं. मग म्हणाली, "आता माझी मैत्रीण मंगल तिच्या गावाबद्दल सांगेल." मी उभी राहिले. त्या दोघी पहिल्या रांगेत, हसऱ्या चेहऱ्याने. मिलो अगदी ओठांवर आला होता. आणि मी म्हणाले, "आय ॲम फ्रॉम पुणे. मी तुम्हाला साडी कशी नेसतात ते दाखवते."

दाखवली हो! एका बाईला पुढे उभं करून तिच्या निऱ्याही घातल्या. केवढ्या टाळ्या! ग्रेसनेही वाजवल्या.

सोमवारी तिने शिल्पाला पूर्वीसारखंच घेतलं. पण त्यानंतर ती माझी कुणाशीही ओळख करून देताना म्हणायची, "धिस इज मंगल, फ्रॉम पुणे." चेहरा अगदी सरळ ठेवून. नवऱ्याची डिग्री झाल्यावर ती तिघं मलावीला परत गेली. आम्ही राहिलो.

परवा नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, दॅट वॉज सो मीन!" मी म्हटलं, मीन नाही गं, भित्री. नुसती भित्री.

आता मिनेसोटातच, ईडन प्रेरीत आमचं चांगलं ऐसपैस घर आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी मुलं विचारतात, "मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" तोंडातून आपसूक निघतं, "पुण्याची." आणि पुढच्याच क्षणी जी लाज वाटते, ती मात्र अस्सल आष्टीची असते. गावच्या घराचं माझ्याजवळ तेवढंच उरलंय. ते मी अजून जाऊ दिलेलं नाही.